पेटी चढताना फुगते, उतरताना पाणी पिते : परतवाडा ते चिखलदरा, सहा दिवस

वावरात खांबावर लावलेली पेटी उघडावी आणि तळाला पाणी साचलेलं दिसावं, हे विदर्भात नवं नाही. झाकणाला रबर आहे, केबल आत शिरते तिथे तिला आवळून धरणारा ग्लँड आहे, पेटीवर धूळ-पाणी आत जाणार नाही असं सांगणारा आयपी६७ हा दर्जा छापलेला आहे, तरी पाणी आहेच. कास्तकार विचारतो, "भाऊ, वरतून तं रबर लावलं हाये, मंग पाणी गेलं कोठून?" सोलर पंपाचा कंट्रोलर असो, हवामानाची नोंद घेणारं यंत्र असो की रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, प्रश्न तोच. उत्तर बहुतेक वेळा पेटीत कोंडलेल्या हवेत सापडतं. तिथपर्यंत पोचायला दाब बदलून पाहावा लागतो, आणि विदर्भात दाब बदलायची सोयीची जागा म्हणजे चिखलदऱ्याचा घाट.

परतवाडा साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर, वैराट ११७८ मीटरवर. तासाभरात साडेसातशे मीटरचा चढ. लडाखच्या मानाने हा काहीच नाही, लेह ३५०० मीटरवर आहे. म्हणून घाटानंतर व्हॅक्यूमच्या भांड्यातली चाचणी ठेवली आणि शेवटी पेटी पुन्हा वावरात नेली. महिना श्रावणाचा मुद्दाम निवडला. कोरड्या दिवसांत ही चूक दिसतच नाही.

दिवस पहिला : परतवाडा

तीन पेट्या, तिन्ही एकाच मापाच्या. आतली जागा ३ लिटर, झाकण २० बाय १५ सेंटीमीटर, कोपऱ्यांना चार स्क्रू. पहिली पूर्ण बंद. दुसरीच्या तळाला ईपीटीएफई पडद्याचा व्हेंट, म्हणजे हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पांढरा पडदा. तिसरीच्या तळाला ३ मिलिमीटरचं साधं भोक. प्रत्येकीत दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, नोंदी लिहिणारा ईएसपी३२ बोर्ड, मेमरी कार्ड आणि एक १८६५० मापाचा लिथियम सेल. नोंद दर १० सेकंदांनी. प्रत्येक पेटीतून मीटरभर केबल बाहेर काढलेली. तळाला टिपकागदाची पट्टी आणि त्या पट्टीवर शाईच्या पेनाने ओढलेली एक रेघ. बॉलपेनची रेघ चालत नाही, पाणी लागलं की पसरणारी शाईच हवी. आर्द्रतेचा आकडा वाढला म्हणजे पाणी शिरलंच असं नाही. पसरलेली रेघ मात्र पक्का पुरावा असतो.

चौथा सेन्सर पेट्यांसोबत, पण बाहेर मोकळ्या हवेत. पाचवा परतवाड्याच्या खोलीतच ठेवून द्यायचा. हा पाचवा अनेक जण वगळतात आणि तिथेच हिशोब चुकतो. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. हा फरक काही हेक्टोपास्कलचा (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं एकक) असतो, म्हणजे आठ-दहा मजली इमारतीच्या उंचीएवढा. सकाळी खाली मोजलं आणि दुपारी वर मोजलं तर तो फरक चढाच्या खात्यात जमा होतो.

पाचही सेन्सर आधी रात्रभर एका टेबलावर शेजारी शेजारी चालवले. या सेन्सरचा निखळ आकडा एका हेक्टोपास्कलने इकडेतिकडे असू शकतो, पण एकमेकांतला फरक स्थिर राहतो. तो फरक लिहून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा करायचा.

खोलीतला दाब ९६१ हेक्टोपास्कलच्या आसपास होता. मोबाइलमधल्या उंचीच्या अ‍ॅपला हा आकडा दिला तर ते परतवाडा ४४० मीटरच्या पुढे दाखवतं, कारण ते समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ धरतं. पावसाळ्यात मध्य भारतावरचा दाब त्याहून बराच खाली असतो. सत्तर मीटरची चूक बसल्या जागी होते. उपकरणाच्या चाचणीत म्हणून उंची लिहू नये, दाब लिहावा.

दुपारभर गळतीची चाचणी केली. त्यासाठी गवंड्याची लेव्हल नळी पुरते. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, पाण्यात नीळ टाकायची म्हणजे रेषा स्पष्ट दिसते. एक टोक पेटीला, दुसरं मोकळं. पेटीच्या दुसऱ्या तोंडाला ६० मिलिलिटरची सिरिंज. तीन लिटरच्या पेटीत ६० मिलिलिटर हवा कोंबली की हिशोबाने १९-२० सेंटीमीटर पाणी चढायला हवं. नळीतलं पाणी सरकताना थोडी जागा वाढते, म्हणून प्रत्यक्षात १८ च्या आसपास चढतं. मग घड्याळ लावायचं आणि उंची निम्मी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं.

यात एक सापळा आहे. पेटीतली हवा एका अंशाने तापली की दाब ३.२ हेक्टोपास्कलने वाढतो, म्हणजे नळीत तीन सेंटीमीटरहून जास्त पाणी. पेटीवर तळहात टेकवला तरी निळी रेषा डोळ्यांदेखत वर सरकते आणि हात काढला की दोन मिनिटांत पुन्हा खाली येऊ लागते. ढगाआडून ऊन आलं, पंखा सुरू झाला, कुणी दार उघडलं, तरी तेच. सावलीत, पंखा बंद, पेटी गोधडीत गुंडाळलेली, आणि चाचणीआधी अर्धा तास तशीच ठेवलेली; एवढं केलं तरच आकड्यावर विश्वास ठेवावा.

चाचणी दोन्ही दिशांनी करायची. आधी सिरिंज दाबून, मग सिरिंज ओढून. बहुतेक ठिकाणी फक्त दाबून बघतात. बंद पेटीने दाबल्यावर निम्मी उंची वीस मिनिटांत सोडली. ओढल्यावर मात्र निम्म्याला यायला तिला पाऊण तासाहून जास्त लागला. तीच पेटी, तेच रबर. हा फरक वहीत दोनदा अधोरेखित केला, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दिवस दुसरा : घाट, चढ

सकाळी आठला घटांगच्या रस्त्याने निघालो. पेट्या लाकडी खोक्यात, चहूबाजूंनी गोधडी. गाडीतला एसी बंद. वर जाताना हवा पाच-सहा अंशांनी गार होते. पेटी तेवढी गार होऊ दिली तर तिच्यातला दाब वीसेक हेक्टोपास्कलने आपोआप उतरतो आणि चढाचा परिणाम झाकून टाकतो. गोधडीमुळे आतलं तापमान तासाभरात दोन अंशांच्या आत राहिलं. उरलेली दुरुस्ती नोंदीतल्या तापमानावरून करता येते.

मधे कुठे थांबायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. थांबलं की पेटीला श्वास सोडायला वेळ मिळतो. सत्तर मिनिटांत बाहेरचा दाब ९६१ वरून ८८२ वर आला. व्हेंटच्या आणि भोकाच्या पेटीत आत-बाहेर फरक जवळपास शून्य. बंद पेटीत आतला दाब मागे मागे राहत गेला आणि वरच्या वळणांवर फरक ३० हेक्टोपास्कलपर्यंत गेला.

तीस हा आकडा लहान वाटतो, पण झाकणाचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटीमीटर आहे. त्यावर आतून बाहेर नऊ किलोंचं वजन पडतं. चार स्क्रू कोपऱ्यांत धरून असतात, लांब बाजूचा मध्य मोकळा. खोकं उघडून झाकणावर लोखंडी पट्टी आडवी ठेवली तर मध्याशी पट्टी डुगडुगते, कडांशी खाली बारीक फट दिसते. रबर तिथे जेमतेम टेकलेलं असतं आणि हवा तिथूनच बाहेर पडते. दाबून केलेल्या चाचणीत गळती जास्त दिसली ती याच जागेमुळे. मधोमध आणखी दोन स्क्रू दिले की हा मध्य बसतो. स्क्रू जास्त आवळून काही होत नाही, उलट कोपरे दबतात आणि मध्य आणखी वर उचलतो.

चिखलदऱ्यात पोचलो तेव्हा धुकं एवढं होतं की रबडीच्या दुकानाची पाटी रस्त्याच्या या बाजूने वाचता येत नव्हती. पेट्या व्हरांड्यात, पावसापासून आत, पण धुक्यात ठेवल्या. रात्रीतून बंद पेटीचा आतला दाब बाहेरच्या बरोबरीला आला.

दिवस तिसरा : चिखलदरा आणि वैराट

सकाळी पहिलं काम पाणी उकळायचं. हे दाबमापकाची उलटतपासणी म्हणून फार चांगलं आहे. एकोणिसाव्या शतकात डोंगरांची मोजणी करणारे लोक पाणी किती अंशांना उकळतं त्यावरून उंची काढत. ८८२ हेक्टोपास्कलला पाणी ९६.१ अंशांना उकळायला हवं, परतवाड्याच्या ९६१ ला ९८.५ ला. थर्मामीटरचं टोक पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर वाफेत धरायचं, झाकण अर्धवट ठेवायचं. पाण्यात बुडवलं तर भांड्याच्या तळाची उष्णता आणि पाण्यातले क्षार दोन्ही आकड्यात मिसळतात. थर्मामीटर आणि सेन्सर एकमेकांशी दोन दशांशांत जुळले की दोन्हींवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

कुकरचाही प्रश्न इथेच येतो, आणि तो फक्त स्वयंपाकाचा नाही. दाबावर चालणारी बरीच उपकरणं बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब धरतात. कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर जास्त झालं की उचलते. बाहेरचाच दाब उतरला की आतला एकूण दाबही तेवढाच उतरतो. परतवाड्यात शिट्टीच्या क्षणी आत ११९ अंशांच्या पुढे, चिखलदऱ्यात ११८ च्या आसपास, ५००० मीटरवर ११२. तुरीच्या वरणाला इथे एखादी शिट्टी जास्त लागते, पण शिट्ट्या मोजणं हे माप नव्हे. ज्योत मोठी की शिट्ट्या भराभर, डाळ तेवढीच कच्ची. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून मिनिटं मोजावीत. उघड्या पातेल्यात लेहला पाणी ८८ अंशांना उकळतं, तिथे तूर घंटोन्‌घंटे दाताखाली कचकचते. कुकर तिथे चैनीचा राहत नाही.

तापण्याची चाचणी दुपारी केली. सोलर चार्ज कंट्रोलरच्या उष्णतावाहकावर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, तापमान मोजणारी तार चिकटवली, ठरावीक भार दिला, दीड तास चालवला. खाली बाहेरच्या हवेपेक्षा ४० अंश चढत होतं, वर जेमतेम दीड-दोन अंश जास्त. मोकळ्या हवेने होणारं थंडावणं दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतं, म्हणजे इथे चारेक टक्के. धुक्याची एक झुळूक त्याहून मोठा फरक करते. चिखलदऱ्याला उपकरण तापलं नाही म्हणून लडाखला तापणार नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नये. ही चाचणी भांड्यातच करायची.

वैराटला संध्याकाळी गेलो. आणखी साठ मीटर, सहाएक हेक्टोपास्कल. सेन्सरच्या सरळपणाची खात्री झाली, दुसरं काही मिळालं नाही.

रात्री पेट्यांमधल्या आर्द्रतेच्या नोंदी पाहिल्या. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो, म्हणून हिशोब मांडायलाच हवा. वीस अंशांच्या धुक्यातल्या हवेत एका लिटरला सुमारे १७ मिलिग्रॅम वाफ असते. पेटीची अख्खी हवा बदलली तरी आत आलेलं पाणी ५० मिलिग्रॅम, म्हणजे एक मोठा थेंब. घाट उतरताना आत येते ती पेटीच्या आठ टक्के हवा, म्हणजे चार मिलिग्रॅम. सिलिका जेलची १० ग्रॅमची पुडी दोन-तीन ग्रॅम पाणी धरते. नुसत्या वाफेशी ती पुडी कित्येक महिने लढू शकते. तरी वावरातल्या पेटीत चमचाभर पाणी सापडतं. ते वाफेने येत नाही, पाणी म्हणूनच येतं.

दिवस चौथा : घाट, उतार

पाऊस हवा होता आणि तो सकाळपासून होता. पेट्या गाडीच्या टपावर उभ्या बांधल्या, पावसात. केबली बाजूला लोंबत सोडल्या, वावरातल्या खांबावर लोंबतात तशाच. बंद पेटीच्या केबलचं टोक मुद्दाम कापलेलं, उघडं. प्रत्यक्षात जोड जमिनीलगतच्या डब्यात असतो आणि त्या डब्यात पाणी असतंच.

हिशोब साधा आहे. वर बरोबरीला आलेली तीन लिटर हवा, ८८२ वर. खाली बाहेर ९६१. ती जागा भरायला पाव लिटर काहीतरी आत यावं लागतं. गळतीच्या तोंडाशी हवा असेल तर हवा येते. तोंडाशी पाणी असेल तर पाणी.

सत्तर मिनिटांच्या उतारात व्हेंटच्या आणि भोकाच्या पेटीत फरक पुन्हा शून्याजवळ. बंद पेटीत फरक ५० च्या पुढे गेला, चढताना होता त्याच्या दीडपटीहून जास्त. पहिल्या दिवशीचा अधोरेखित आकडा इथे उलगडतो. चढताना आतला दाब झाकण उचलतो आणि हवा रबराच्या कडेने सहज निसटते. उतरताना बाहेरचा दाब झाकणाला रबरावर दाबून बसवतो. ती वाट बंद होते. आता पेटीला श्वास घ्यायला एकच जागा उरते, केबल. ग्लँड बाहेरच्या वेष्टणाला घट्ट धरतो, पण वेष्टणाच्या आत, तांब्याच्या बारीक तारांच्या मधून, वाट मोकळीच असते. ५० हेक्टोपास्कल म्हणजे अर्धा मीटर पाण्याचा स्तंभ. एवढ्या ओढीने पाणी केबलच्या आतून चढतं.

परतवाड्यात पोचून टप कोरडा पुसला आणि लगेच पेटी उघडली नाही. दोन तास थांबलो, कारण खाली आल्यावरही पेटी ओढतच राहते. मग उघडली. झाकणाचं रबर कोरडं ठणठणीत. ग्लँडच्या नटाभोवती आतून ओल नाही. आत शिरलेल्या केबलची तीन टोकं: लाल तार, काळी तार, पिवळी तार. काळ्या तारेच्या सोललेल्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, मोहरीएवढा, आणि त्याच्या बरोबर खाली टिपकागदावर निळी रेघ एका बाजूने पानाच्या शिरेसारखी फुटली होती.  झाकणाचा दोष नाही हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही. लोक रबर बदलतात, सिलिकॉन फासतात, झाकण आणखी घट्ट करतात, आणि केबलची ओढ तेवढी वाढवून ठेवतात.

व्हेंटच्या पेटीत रेघ अखंड. भोकाच्या पेटीतही अखंड, पण दोन मुंग्या आणि कोळ्याचं जाळं. भोक ठेवायचं तर त्याला बारीक स्टीलची जाळी हवीच.

दिवस पाचवा : व्हॅक्यूमचं भांडं

अचलपूर तालुक्यातल्या एका गावात, शेडमध्ये. जाड स्टीलचं गोल भांडं, ३० सेंटीमीटर व्यासाचं, त्यावर २५ मिलिमीटर जाडीचं अ‍ॅक्रेलिक, मधे सिलिकॉनची चपटी रिंग. काच वापरू नये. फुटली तर आत कोसळते आणि तुकडे बाहेर उडतात. आतला दाब ५४० ला आणला की या झाकणावर सुमारे ३०० किलोंचा भार बसतो, पूर्ण निर्वात केलं तर ७०० च्या आसपास. अ‍ॅक्रेलिकवर बारीक चीर दिसली की ते झाकण बाद. हवा ओढायला एसी दुरुस्तीवाल्यांचा रोटरी पंप, मधे हवेचा वेग बारीक आवरणारा नीडल व्हॉल्व्ह. पावसाळ्यात पंपाचं तेल पाणी शोषून दुधाळ होतं आणि पंप खाली जाईनासा होतो. गॅस बॅलास्ट, म्हणजे पंपात थोडी बाहेरची हवा सोडून वाफ बाहेर काढणारी झडप, थोडा वेळ उघडा ठेवून पंप गरम करायचा, नाहीतर तेल बदलायचं.

पायऱ्या ठरलेल्या. ९६१ वरून मिनिटाला १० हेक्टोपास्कलच्या वेगाने ६५७ वर, म्हणजे लेह. तिथे दोन तास. मग ५४० वर, म्हणजे ५००० मीटर. पुन्हा दोन तास. परत येतानाही तोच वेग. घाई केली तर उपकरण उंचीने मोडलं की धक्क्याने, कळत नाही. बीएमई२८० सेन्सर ३०० हेक्टोपास्कलपर्यंतच मोजतो, त्याखाली जायचं तर एमएस५६११ लागतो.

लिथियम सेल असलेली कुठलीही वस्तू शेडच्या बाहेर, शेजारी वाळूची बादली ठेवून. सेलच्या वाहतुकीसाठीच्या यूएन ३८.३ चाचणीत सेल ११६ हेक्टोपास्कलला सहा तास ठेवतात, त्यामुळे चांगला सेल ५४० ला दगावत नाही. पॉवर बँकमधला पाकिटासारखा चपटा सेल आधीच फुगलेला असेल तर मात्र इथे लगेच दिसतं. कव्हरच्या सांध्यात नखाएवढी फट पडते. असा सेल पुन्हा चार्ज करायचा नाही.

ग्लिसरीन भरलेला दाबमापक अशा चाचणीत हमखास फसवतो. त्याच्या वरच्या रबरी बुचाचं टोक कापलेलं नसेल तर आत कोंडलेली हवा काट्याला शून्यावरून हलवते. बूच उघडलं की काटा टिचकी मारल्यासारखा जागेवर येतो. वर जाणाऱ्या प्रत्येक दाबमापकाचं बूच आधी बघावं.

इपॉक्सी किंवा सिलिकॉन ओतून बंद केलेल्या सर्किटमधला बुडबुडा ही दुसरी गोष्ट. दाब उतरला की बुडबुडा फुगतो, बारीक तार किंवा सोल्डरचा सांधा ओढतो, आणि यंत्र वर गेल्यावर अधूनमधून बंद पडतं, खाली आणलं की चालू. दुरुस्तीवाल्याला दोष सापडत नाही. ओतण्याआधी मिश्रण याच भांड्यात ठेवून त्यातली हवा काढून घ्यावी, फेस वर येऊन बसेपर्यंत.

चार्ज कंट्रोलरची राहिलेली चाचणी इथे केली. ५४० ला ४० अंशांच्या जागी ५० च्या पुढे चढलं. हिशोबाने ५३ यायला हवं. थोडी उष्णता प्रारणाने जाते आणि तिला हवेची गरज नसते, म्हणून जरा कमी. पंखा लावलेल्या यंत्रात पंखा तेवढीच हवा फेकतो, पण ती हवा विरळ असते. वर जाणाऱ्या यंत्राचा भार कमी धरावा किंवा उष्णतावाहक मोठा द्यावा, आणि बाहेरून काळा रंगवावा, त्याने प्रारण वाढतं.

सर्वांत जास्त वेळ झटका मशीनवर गेला. हे काही हजार व्होल्टचे झटके देतं, आणि हवा विरळ झाली की ठिणगी लांब उडी मारते. शेडमधला दिवा मालवला. ९६१ ला नुसती टक् टक्. सातशेच्या खाली प्रत्येक टक्‌सोबत बारीक फुसफुस आणि तारेच्या टोकाशी जांभळट ठिपका. सहाशेच्या खाली तो ठिपका लांबून शेजारच्या स्क्रूला भिडला, पांढरी रेघ, आणि बाहेर तारेवर येणारा झटका जवळजवळ गेला. टोक आणि स्क्रू यांत ८ मिलिमीटर अंतर होतं. आयईसी या विजेच्या उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तक्त्यात हवेतल्या अंतरासाठी २००० मीटरपर्यंत गुणक १, ३००० ला १.१४, ४००० ला १.२९, ५००० ला १.४८ आहे. ८ मिलिमीटर जिथे जेमतेम पुरतात तिथे ५००० मीटरला १२ लागतात. मोबाइलच्या चार्जरवर डोंगराचं छोटं चिन्ह आणि २००० किंवा ५००० मीटर असा आकडा कधीकधी छापलेला असतो, तो याच कारणासाठी. लडाखला जाणाऱ्याने तो भिंग लावून वाचावा.

दिवस सहावा : वावर

कपाशीच्या वावरात, उघड्यावर, खांबाला नवी बंद पेटी. दुपारी ढग उघडले आणि दीड तास ऊन पडलं. पेटीतली हवा ५८ अंशांवर गेली, जास्तीची हवा झाकणाच्या मध्यातून बाहेर पडून आतला दाब बाहेरच्या बरोबर झाला. मग विहिरीच्या २६ अंशांच्या पाण्याच्या तीन बादल्या पेटीवर ओतल्या, श्रावणातली सर येते तशा. आतली हवा गार होताच दाब घसरू लागला. पूर्ण घट्ट पेटीत ही घसरण ९३ हेक्टोपास्कल होईल, म्हणजे चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना जेवढी ओढ तयार होते त्याहून जास्त. वावरातली पेटी ऊन-पावसाच्या एका दुपारी अख्खा घाट उतरते, आणि पावसाळ्यात तसे घाट ती दिवसातून दोन-तीनदा उतरते. वर्षभरात आत चमचाभर पाणी जमतं ते असं.

केबलचं उघडं टोक बादलीत बुडवलेलं होतं. तासाभराने टिपकागदावरची रेघ पुसट निळ्या डागात गेली.

त्याच पेटीला मग तळाच्या बाजूने ईपीटीएफई व्हेंट बसवला, तोंड खाली. वर किंवा बाजूला लावलेल्या व्हेंटवर पाणी साचतं, चिखल बसतो आणि फवारणीचं औषध पडतं; तेलकट औषध लागलेला पडदा पाणी अडवणं सोडतो. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली वळसा देऊन वर आणली, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाला टपकून जातं. तारांच्या आतली वाट बंद करायला केबल पेटीच्या आत दोन इंच सोलून, तारा सुट्या करून, त्यांच्यावर पातळ इपॉक्सी ओतलं. तारांच्या गाभ्यात ते चढायला हवं, म्हणून तारा आधी गरम केल्या. झाकणाला लांब बाजूंच्या मध्यावर दोन स्क्रू वाढवले.

दुसऱ्या दिवशी अकरापासून पुन्हा ऊन होतं. पेटी ५६ अंशांवर गेल्यावर बादल्या ओतल्या, केबलचं टोक पुन्हा पाण्यात. आत-बाहेर दाबातला फरक एकदा तीन हेक्टोपास्कलपर्यंत गेला आणि दोन मिनिटांत मिटला. संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा टिपकागद वाजत होता, इतका कोरडा, आणि रेघ पेनाने ओढली तशीच होती.